माटिल्डा गेटरचं नाणं घेणार असशील तर

अरे आधी चांदीच्या मागे धावू नकोस, पोलंडच्या नॅशनल बँकेने 2009 मध्ये हा सेट काढला, दुसऱ्या महायुद्धात नाझींपासून ज्यूंना वाचवणाऱ्या तिघीजणी, इरेना सेंडलर, झोफिया कोसाक आणि सिस्टर माटिल्डा गेटर, त्यात 2 झ्लॉटीचं (झ्लॉटी म्हणजे पोलंडचं चलन) साधं नाणं आहे ते घे, स्वस्तात मिळतं. नॉर्डिक गोल्ड म्हणून लिहिलेलं असतं पण सोनं नसतं हां, 89 टक्के तांबंच. 27 मिमी, 8.15 ग्रॅम, चुंबकाला चिकटत नाही. कडेचा फोटो मात्र विकणाऱ्याकडे मागच, एनबीपी (त्या बँकेचं लघुरूप) ही अक्षरं एकाआड एक उलटी आणि मधे चांदण्या दिसल्या पाहिजेत.

चांदीचं 20 झ्लॉटीचं 28.28 ग्रॅमचं, 925 चांदी. प्रूफ, म्हणजे आरशासारखं चकचकीत खास नाणं, असलं तर बोट लावू नको, पितांबरी तर अजिबात नाही, किंमत गेलीच समज. पीव्हीसीच्या पाकिटातून काढून कॅप्सूलमध्ये, म्हणजे नाण्याच्या कडक पारदर्शक डबीत टाक.

आणि थोडं वाचून घे, गेटरबाई वॉर्साच्या फ्रान्सिस्कन सिस्टर्सच्या प्रमुख, शेकडो ज्यू मुलं अनाथाश्रमांत लपवली, पकडलं तर शिक्षा थेट मृत्यू. सेट फोडून एकटं नाणं विकत असेल कोणी तरी चालेल, सर्टिफिकेट असेल तर थोडे जास्त दे.