आयकॉन बदलायचा, पण काहून?

बाबू, तू काढलेला नवा आयकॉन पाहिला. हात चांगला आहे तुझा. पण आल्या आल्या इतक्या जुन्या सॉफ्टवेअरचा चेहराच बदलायला निघालास, तर जुनी मंडळी बिचकणारच.

तुमच्या दारव्ह्याकडच्या एखाद्या सेतू केंद्रात जाऊन बस जरा. ऑपरेटर आयकॉनखालचं नाव वाचत नाही. रंग अन् आकार दिसला की क्लिक. त्यामुळं 'जुनाट दिसतो' एवढं कारण मला पुरत नाही. १६ पिक्सेलला ओळखू येत नाही, मोठ्या स्क्रीनवर कडा फाटतात, गडद पार्श्वभूमीवर गायब होतो, ही खरी कारणं.

व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरच्या आयकॉनकडं बघ. रस्त्यावरच्या नारंगी शंकूचा व्हिडिओशी काय संबंध? पॅरिसच्या विद्यार्थ्यांनी जमवलेल्या शंकूंवरून तो आला. २००६ मध्ये ओबडधोबड चित्र जाऊन रेखीव आलं, पण शंकू शंकूच राहिला. इन्स्टाग्रामनं २०१६ मध्ये जुना कॅमेरा टाकून दिला, तेव्हा केवढी ओरड झाली! लोक नंतर सरावले, हेही खरं. पण त्यांच्यामागं मोठी कंपनी होती. आपल्याकडं तक्रारींना उत्तर द्यायला तू अन् मीच.

म्हणून आकार अन् मुख्य रंग ठेव, एसव्हीजीत, म्हणजे कितीही मोठं केलं तरी कडा न फाटणाऱ्या चित्रप्रकारात, नव्यानं रेख. अँड्रॉइड ८ पासून फोन आयकॉन आपल्या साच्यात कापतो, तेव्हा १०८ डीपी (अँड्रॉइडचं स्क्रीनवरचं माप) पैकी मधल्या ६६ डीपीतच चित्र बसव. मग १६, ३२, ४८ अन् २५६ पिक्सेलचे नमुने जुन्याशेजारी ठेवून पाठव. सेव्हच्या बटणावरच्या फ्लॉपीच्या चित्राला मात्र आत्ताच हात लावू नको, ते भांडण वेगळं आहे.