माफीनामा नको, आधी नियम माग

बाळा,

नोटीस वाचली. पोस्टमध्ये समलिंगी-ट्रान्स माणसांच्या अभिमानाचा सप्तरंगी झेंडा आणि चार ओळी. त्यावर कॉलेजला हवंय काय, तर लेखी माफी, फोन उघडून दाखवणं आणि आईवडिलांना घेऊन येणं. पहिली मागणी तुझ्या बोलण्यावर आहे, बाकीच्या दोन तुझ्या खाजगीपणावर. मला काळजी त्या दोनांची जास्त.

बोलण्याचा प्रश्न आपल्याच किनाऱ्यावरून सुप्रीम कोर्टात गेलाय. 2012 च्या नोव्हेंबरात मुंबई बंदवर फेसबुकवर लिहिलं म्हणून पालघरच्या दोन मुलींना अटक झाली. (दुसरीनं नुसतं लाइक केलं होतं!) त्यातून उभ्या राहिलेल्या श्रेया सिंघल खटल्यात 2015 मध्ये आयटी कायद्याचं 66अ कलमच, म्हणजे ऑनलाइन ‘आक्षेपार्ह’ लिहिणं गुन्हा ठरवणारं कलम, रद्द झालं. कुणाला राग आला, एवढ्यानं बोलणं गुन्हा होत नाही. बोलण्यावर बंधनं घालू देणाऱ्या घटनेच्या 19(2) कलमात सभ्यता आणि नीतिमत्तेची सबब अजून आहे, आणि नोटिशीतली ‘संस्थेची संस्कृती’ तिच्याच आडोशाला उभी आहे. पण समलिंगी संबंध गुन्हा नाहीत असं ठरवणाऱ्या 2018 च्या नवतेज जोहर निकालानं सांगितलंय की इथे घटनेची नैतिकता चालते, गावाची नाही.

आता फोन. खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरवणाऱ्या सुप्रीम कोर्टाच्या 2017 च्या पुट्टस्वामी निकालात लैंगिक कल हा खाजगीपणाचा गाभा मानलाय, आणि माणूस चारचौघांत आला म्हणून त्याचा खाजगीपणा संपत नाही, हेही म्हटलंय. पोस्ट सगळ्यांना दिसत होती म्हणून तुझ्या फोनमधल्या गप्पा कॉलेजच्या झाल्या नाहीत. त्या गप्पांत ज्यांनी कुठेच काही लिहिलेलं नाही अशी इतर पोरंही आहेत. ‘फक्त बघतो’ म्हटलं तरी फोन देऊ नकोस.

घरचं तुला माहीतच आहे. दुपारी कॉलेजातून फोन गेला की संध्याकाळी वाडीच्या ग्रुपवर, रात्री मुंबईच्या चाकरमान्यांकडे, आणि गणपतीत घरोघरी तोच विषय. तुला अठरा पूर्ण झालीत. आईला कधी आणि कसं सांगायचं हे प्राचार्यांनी ठरवायचं नाही. धाडस करून सगळं जाहीर करच, असं सांगणारेही भेटतील. मला ते पटत नाही. स्वतःची खोली आणि पगार असलेल्याला ते सोपं, घरच्या भाकरीवर शिकणाऱ्याला नाही.

उत्तर छोटं लिही. खाजगी संस्थेवर मूलभूत हक्क सहसा सरळ लागू होत नाहीत, म्हणून घटनेची कलमं ओतू नकोस. कोणता नियम मोडला, त्याची प्रत द्या, आणि कारवाईआधी माझं म्हणणं ऐका, एवढंच माग. 2025 च्या मे महिन्यात पुण्यातल्या एका विद्यार्थिनीला पोस्टवरून कॉलेजनं काढलं होतं. विषय अगदी वेगळा, पण तिचं ऐकून न घेता काढलेला तो आदेश मुंबई हायकोर्टानं स्थगित केला.

पोस्ट काढावीशी वाटली तर काढ, त्यात कमीपणा नाही. पण आधी तारीखवेळेसकट स्क्रीनशॉट ठेव, खालच्या धमक्यांचेही. उत्तराच्या प्रतीवर पोच घेतल्याशिवाय ऑफिसातून हलू नकोस. वकिलाचे पैसे जमणारे नसतील तर रत्नागिरीच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात चौकशी कर. मुलींना, अनुसूचित जाती-जमातींना आणि कमी उत्पन्नाच्या घरांना तिथे मोफत वकील मिळतो.

मसुदा शुक्रवारपर्यंत मला पाठव.