इथेनॉल भरले म्हणून गाडीची संपूर्ण वॉरंटी रद्द होते का?

सप्रेम नमस्कार,

आपले पत्र आणि सोबतची कागदपत्रे मी काळजीपूर्वक वाचली. आपण इंदूरचे रहिवासी आहात. सोळा महिन्यांपूर्वी आपण येथील विक्रेत्याकडून 84 लाख रुपयांना स्वतःच्या वापरासाठी पेट्रोलवर चालणारी स्पोर्ट्स कार घेतली आणि तिच्यात कोणताही फेरबदल केलेला नाही. गेल्या महिन्यात पुण्याहून निघताना टाकी निम्मी भरलेली असताना, ऑक्टेन (इंजिनात ठोके न येऊ देण्याची इंधनाची क्षमता) जास्त असते असे एका मित्राने सांगितल्यामुळे, आपण उरलेल्या निम्म्या टाकीत ‘इथेनॉल 100’ भरून घेतले. नारायणगावच्या पुढे इंजिनचा दिवा लागला आणि बिजासन घाटाच्या चढावर गाडीने दम सोडला. आता विक्रेत्याने लेखी कळवले आहे की इंधनपंप आणि दोन इंजेक्टर (इंजिनात इंधन सोडणारे भाग) वॉरंटीत बसत नाहीत. शिवाय अमान्य इंधन वापरल्याने संपूर्ण वॉरंटीच रद्द झाल्यामुळे, गिअरबॉक्सच्या आवाजाची आपली जुनी तक्रारही ते स्वीकारणार नाहीत.

आपल्या पत्रातील एका वाक्याने मला सर्वांत जास्त काळजीत टाकले. सेवा केंद्रात विचारणा झाली तेव्हा आपण “नेहमीचेच पेट्रोल भरले” असे सांगितले आणि जॉब कार्डवर, म्हणजे सेवा केंद्राच्या कामाच्या नोंदपत्रावर, तशी नोंद झाली. हे विधान सर्वप्रथम लेखी दुरुस्त करा. पंपावरील पेमेंटची नोंद आपल्या फोनमध्ये आहे, टाकीतील इंधन सेवा केंद्राच्या ताब्यात आहे आणि इंजिनच्या संगणकाने मिश्रणात इंधन कमी पडत असल्याची नोंद करून ठेवली आहे. खोटे विधान कायम ठेवून ग्राहक आयोगासमोर गेलात, तर ज्या मुद्द्यावर आपली बाजू भक्कम आहे तिथेही आपल्यावर विश्वास ठेवला जाणार नाही.

इंधनपंप आणि इंजेक्टरबाबत मी आपल्याला खोटी आशा दाखवणार नाही. मार्च 2024 मध्ये सुरू झालेल्या ‘इथेनॉल 100’ या इंधनात सुमारे 93 टक्के इथेनॉल असते आणि ते फ्लेक्स-फ्युएल, म्हणजे पेट्रोल व इथेनॉलच्या कमी-जास्त मिश्रणावर चालणाऱ्या, वाहनांसाठी आहे. टाकीतील उरलेले पेट्रोल 20 टक्के इथेनॉलचे धरले, तरी निम्मे-निम्मे मिसळल्यावर इथेनॉलचे प्रमाण 56 टक्क्यांच्या आसपास जाते. पेट्रोलच्या एका भागाला वजनाने 14.7 भाग हवा लागते, शुद्ध इथेनॉलला केवळ 9 भाग. म्हणजे तेवढ्याच हवेसाठी इंधन बरेच जास्त सोडावे लागते. मूळ स्वरूपातील गाडीचा संगणक ही तूट ठरावीक मर्यादेपर्यंतच भरून काढतो. परदेशात ज्या स्पोर्ट्स कार 85 टक्के इथेनॉलवर पळवल्या जातात, त्यांचे इंजेक्टर, पंप आणि संगणकाची आज्ञावली बहुधा बदललेली असते, ही गोष्ट आपल्या मित्राने सांगितलेली दिसत नाही. वाहन किती टक्के इथेनॉल चालवू शकते हे उत्पादकाने ठरवून तसे स्टिकर वाहनावर लावावे, अशी अधिसूचना मार्च 2021 पासून आहे. आपण पाठवलेल्या छायाचित्रात टाकीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला ‘ई20’, म्हणजे 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल, असे स्पष्ट वाचता येते, तेव्हा इशारा नव्हता असे म्हणण्यास जागा उरत नाही.

तरीही बिघाड याच इंधनामुळे झाला, हे विक्रेत्याने नुसते म्हणून भागत नाही. टाकीतील इंधनाचा सीलबंद नमुना, काढलेले सुटे भाग, संगणकातील त्रुटींच्या नोंदींची प्रत आणि तंत्रज्ञाचा सही केलेला अहवाल लेखी मागा, आणि आपल्या उपस्थितीशिवाय पुढे काहीही उघडू नये असेही कळवा. ग्राहक संरक्षण कायदा 2019 च्या कलम 38 अन्वये आयोग सदोष वस्तू प्रयोगशाळेत तपासून घेऊ शकतो. परंतु भाग भंगारात गेल्यावर तपासायचे काय?

गिअरबॉक्सची गोष्ट मात्र अगदी वेगळी आहे, आणि विक्रेत्याने ती मुद्दाम इंधनाच्या प्रश्नात मिसळली आहे असे माझे स्पष्ट मत आहे. पुण्याच्या प्रवासाच्या तीन महिने आधीच्या जॉब कार्डवर, हिंदीत, “दूसरे से तीसरे गियर में आवाज” अशी नोंद असून तिच्याखाली सेवा केंद्राचा शिक्का आहे. ज्या दोषाची तक्रार इथेनॉल टाकीत पडण्याच्या कितीतरी आधी नोंदली गेली, त्याचे कारण ते इंधन कसे असेल? शिवाय आपल्या वॉरंटी पुस्तिकेत “अमान्य इंधनामुळे झालेले नुकसान” वगळलेले आहे. “संपूर्ण वॉरंटी रद्द” हे शब्द त्यात कुठेही नाहीत, ते विक्रेत्याच्या पत्रातच प्रथम आले आहेत. म्हणून विक्रेता आणि उत्पादक या दोघांना पंधरा दिवसांची नोटीस द्या, आणि तिच्यात गिअरबॉक्सची मागणी स्वतंत्र व पहिली ठेवा.

तक्रार करण्याची वेळ आलीच, तर इंदूरच्या जिल्हा आयोगात ती चालणार नाही. अधिकारक्षेत्र मागितलेल्या भरपाईवरून नव्हे, तर मोजलेल्या किमतीवरून ठरते. 50 लाखांच्या वर आणि 2 कोटींपर्यंतच्या किमतीसाठी राज्य आयोग, म्हणजे आपल्यासाठी भोपाळ. मुदत दोन वर्षांची आहे, परंतु पुरावा त्याच्या पुष्कळ आधी नाहीसा होतो.

आपल्या पत्नीला आरटीओच्या कारवाईची भीती वाटते, ती या प्रसंगापुरती अनाठायी आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 मधील फेरबदल म्हणजे वाहनाच्या रचनेत केलेला, त्याचे मूळ स्वरूप पालटणारा बदल. टाकीत चुकीचे इंधन भरणे त्यात येत नाही. यापुढे मोठे इंजेक्टर बसवून ही गाडी इथेनॉलवर चालवण्याचा विचार मनात असेल, तर मात्र तो प्रश्न उभा राहील, आणि कलम 182अ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक फेरबदलामागे 5,000 रुपये दंड, किंवा दोन्ही, होऊ शकतात. विमा कंपनीकडून या दुरुस्तीची अपेक्षा ठेवू नका, कारण नेहमीच्या पॉलिसीत यांत्रिक बिघाड वगळलेला असतो.

जॉब कार्डवरील विधान दुरुस्त करणारे पत्र नोटिशीच्या आधी गेले पाहिजे. त्याचा मसुदा मला पाठवा, मी तो विनामूल्य तपासून देईन. आणि सेवा केंद्रात ते देताना दुसऱ्या प्रतीवर पोच व तारीख घेतल्याशिवाय परतू नका.