टॅरोमधल्या (भविष्य सांगायला वापरतात त्या चित्रांच्या पत्त्यांमधल्या) 'हँग्ड मॅन' या पत्त्यावरच्या उलट्या टांगलेल्या माणसाचा अर्थ काय? हा पत्ता अशुभ आहे का?

नाही, उगाच घाबरू नका. आधी त्याचा चेहरा नीट बघा. १९०९ साली निघालेल्या रायडर-वेट या टॅरो संचात चित्रकार पामेला कोलमन स्मिथने हा माणूस एका पायाने लटकवलाय, पण चेहऱ्यावर वेदनेचा मागमूस नाही. उलट डोक्याभोवती पिवळं तेजोवलय आहे. ज्या लाकडाला तो टांगलाय त्याला पानं फुटलीत, म्हणजे ते जिवंत आहे. दुसरा पाय गुडघ्यात दुमडून मागे घेतलाय, हात पाठीमागे. टॅरोचे पत्ते वाचणारे बहुतेक जण याचा अर्थ स्वेच्छेने थांबणं, हट्ट सोडणं, तीच गोष्ट उलट बाजूने पाहणं असा लावतात.

मूळ मात्र इतकं सात्त्विक नाही! जुन्या इटालियन पत्त्यांत हा गद्दार मानला जाई. तिथे गद्दारांची अशी उलटी टांगलेली चित्रं बदनामीसाठी भिंतींवर रंगवत. आध्यात्मिक अर्थ बराच नंतर, अठराव्या शतकापासून चिकटत गेले.

भविष्य वगैरे मी मानत नाही. पण निर्णय अडला असेल आणि हा पत्ता निघाला, तर 'घाई कशाची आहे?' एवढं स्वतःला विचारायला हरकत नाही.