मंगळवारचं काय ते सांग

बाय,

रात्री पावणेदोनला पाठवलेला तुझा मेसेज सकाळी चहाबरोबर वाचला. एवढं लांबलचक मराठी मोबाइलवर टाइप केलंस याचं आधी कौतुक वाटलं, मग वाचता वाचता डोकं फिरलं. विद्यार्थी सेनेटच्या अध्यक्षपदाला उभी राहू की नको, याची यादीच केली आहेस. या बाजूला आठ मुद्दे, त्या बाजूला सहा. चौदा मुद्द्यांत मंगळवारचं नावही नाही. गेले दोन मंगळवार तू पॅन्ट्रीत, गरजूंना फुकट खाणं वाटतो तिथे, आली नाहीस. म्हणून उत्तर फोनवर न देता कागदावर लिहिते आहे. मध्येच ‘हो मावशी, पण’ म्हणायची सोय नको.

तू हुशार आहेस, तुला जमेल, वगैरे मी लिहिणार नाही. ते सांगायला इथे पगारी माणसं आहेत.

आपल्या विद्यापीठात मुलं जेमतेम दीड हजार. एवढ्याशा जागी पद मिळवणं सोपं, टाळणं अवघड. चर्चच्या मिस्सेत वाचन करणारा मुलगाच वसतिगृहाचा आरए, म्हणजे मजल्यावर लक्ष ठेवणारा विद्यार्थी, तोच सेनेटमध्ये आणि नव्या मुलांना कॅम्पस दाखवायलाही तोच. दहा-बारा पोरं सगळा गाडा ओढतात आणि तिसऱ्या वर्षी त्यांचे डोळे खोल जातात. तू त्यांतली झालीस ते मला ऑक्टोबरातच दिसलं होतं. आठवड्याचे वीस तास तुझे डिशरूममध्ये जातात, व्हिसावर त्याहून जास्त काम करता येत नाही, वर सगळी लॅब. तुझ्या बोटांची सालं निघालेली मी पाहिली आहेत. ते रबरी हातमोजे माझ्या टेबलावर ठेवलेत, ने.

आता माझं ऐक.

मी इथे आले १९९४ च्या ऑगस्टमध्ये. दोन बॅगा, एक जाड स्वेटर आणि आईने बांधून दिलेली सुकेळी. ती शिकागोच्या विमानतळावर कस्टमवाल्याने काढून घेतली. वसईत मिस्सा, इथेही मिस्सा, तेव्हा फारसं परकं वाटणार नाही असा माझा समज. पण मी ख्रिस्ती कशी, याचंच इथल्यांना नवल. कधीपासून, कुणामुळे? मी ठणकावून सांगायची, आमच्या वसईचा गोन्सालो गार्सिया १५९७ मध्ये नागासाकीला क्रुसावर गेला, तेव्हा तुमचा देश नकाशावरसुद्धा नव्हता. या उत्तरावर मी भारी खूश असायची. माझ्यात नेतृत्वगुण आहेत असं लोकांना वाटायला लागलं, ते बहुतेक या तोंडाळपणामुळेच.

दुसऱ्या वर्षी माहितीपत्रकासाठी फोटो काढणारा आला. मला साडी नेसायला सांगितली. बॅगेच्या तळाशी एकुलती एक होती, पिना टोचून कशीबशी बसवली. पुढ्यात सूपचं पातेलं, माझ्या हातात डाव, समोर वाडगा धरून एक म्हातारे गृहस्थ. पातेलं रिकामं होतं. गृहस्थ आमच्याच गणित विभागातून निवृत्त झालेले प्राध्यापक होते. फोटोखाली एकच शब्द छापला, ‘सेवा’. सहा वर्षं चालला तो फोटो.

खरा मंगळवार गावातल्या वाचनालयात असायचा. मांसाच्या कारखान्यात कामाला असलेला एक मेक्सिकन माणूस, पन्नाशीचा, नागरिकत्वाच्या परीक्षेची तयारी करत होता. शंभर प्रश्नांची यादी होती. दिवसभर सुरी धरून त्याची बोटं आखडलेली असत, पेन्सिल तो मुठीत धरायचा. झेंड्यावर पट्टे किती? तेरा. का? तेरा वसाहती. इंग्रजीतला ‘कॉलनी’ त्याच्या तोंडात बसेना, तेवढा एक शब्द आम्ही तीन आठवडे घोटला. मग मी सेनेटची उपाध्यक्ष झाले, आणि सेनेटची बैठक मंगळवारी साडेसहाला. त्याला निरोप ठेवला की माझ्याऐवजी दुसरं कुणी येईल. यादीत नाव होतं. आलं कुणीच नाही. वाचनालयातल्या बाईंनी मला मे महिन्यात सांगितलं की तो तीन मंगळवार येऊन बसला होता. नेहमीच्या टेबलाशी वही उघडून बसायचा, आठ वाजले की वही मिटून जायचा.

त्या तीन मंगळवारी सेनेटमध्ये आम्ही काय करत होतो, सांगू? ‘सेवाभावी नेतृत्व’ नावाच्या पारितोषिकाचे निकष ठरवत होतो. त्या वर्षी ते मलाच मिळालं. लाकडी पाटी आहे, कपाटावर. टाकून देत नाही. तो परीक्षा पास झाला का, मला ठाऊक नाही. विचारायला गेलेच नाही मी.

मंगळवार सोडू नकोस.

आपलं विद्यापीठ बेनेडिक्टाइनांचं, म्हणजे संत बेनेडिक्टच्या नियमावलीने मठात राहणाऱ्या कॅथलिक संन्याशांचं. त्यांच्या मठाच्या घंटेने तुझी झोप मोडते, पण त्यांची नियमावली तू वाचलेली नाहीस याची मला खात्री आहे. दोन-दोन सेमिस्टर थिऑलॉजी घेतलेलीही वाचत नाहीत. सहाव्या शतकातलं छोटंसं पुस्तक, ७३ प्रकरणं. कॅफेटेरियाच्या भिंतीवर रंगवलेलं ‘प्रार्थना कर आणि काम कर’ हे वाक्य त्यात त्या शब्दांत सापडत नाही, पण ते असो. ५८ व्या प्रकरणात मठात येणाऱ्याने काय वचन द्यायचं ते सांगितलं आहे. त्यातलं पहिलं स्थैर्य. आलास ना, आता इथेच राहायचं, याच माणसांबरोबर, ती कितीही डोक्यात गेली तरी. जेझुइट या दुसऱ्या संघाच्या संन्याशांचं निराळं, त्यांना जग पालथं घालायचं असतं. हे एका जागी ठाण मांडून बसणारे लोक.

आणि ३५ वं प्रकरण स्वयंपाकघराचं. सगळ्यांनी आळीपाळीने एकमेकांना वाढायचं. ज्याची पाळी संपते त्याने शनिवारी सगळ्यांचे हातपाय पुसायचे टॉवेल धुवायचे, भांडी घासून कोठीवाल्याच्या हवाली करायची, मग सुटका. आपल्याकडे पंगतीत वाढायला पोरं धावतात, भाताचं घमेलं घेऊन मिरवतात. उष्टी काढायची वेळ आली की सगळी गायब. राजसूय यज्ञात कृष्णाने उष्टी काढली हे आम्हाला शाळेत बाईंनी सांगितलं आणि शिष्यांचे पाय धुतल्याची गोष्ट फादरांनी. लहानपणी मला ती एकच गोष्ट वाटायची. अजूनही वाटते, थिऑलॉजीवाल्यांना सांगू नकोस.

तुला नेतृत्वावर काही हवंच असेल तर ६४ वं प्रकरण बघ. मठाधिपती कसा असावा? त्याने वर बसण्यापेक्षा उपयोगी पडावं. एवढंसं वाक्य. आपल्या लीडरशिप इन्स्टिट्यूटचं तीन दिवसांचं शिबिर त्यापुढे मला पाणचट वाटतं, आणि हे मी त्यांच्या तोंडावर बोलले आहे, त्यामुळे पुन्हा बोलावत नाहीत.

तू लिहितेस, ‘पॅन्ट्रीत मी डबे पुसते आणि तारखा बघते. ते काम कुणीही करेल. अध्यक्ष झाले तर निदान काहीतरी बदलता येईल.’

कुणीही करेल, खरं आहे. कुणी येत नाही, त्याचं काय करू? सेमिस्टर १५ आठवड्यांचं, आणि लोकांना बावन्न आठवडे जेवायला लागतं. परीक्षेच्या आठवड्यात मुलं गायब, नाताळात गायब, उन्हाळ्यात तर विचारूच नको. रांग मात्र महिनाअखेरीला मोठी होते, कारण खाण्यासाठी मिळणाऱ्या सरकारी कार्डावरचे पैसे तोवर संपतात. त्या कार्डावर साबण मिळत नाही, डायपर मिळत नाहीत, पॅड मिळत नाहीत, हे तुला पुस्तकातून कळलं का?

आणि त्या आजी आठव. राजम्याचा डबा उचलायच्या, दोन्ही हातांत फिरवून बघायच्या आणि परत फळीवर ठेवायच्या. मीसुद्धा समजून चालले होते की त्यांना राजमा आवडत नाही. त्यांच्या बोटांना ओपनर फिरवता येत नाही, हे ओळखलंस तू. तेव्हापासून आपण ओढायची कडी असलेले डबे खालच्या फळीवर वेगळे ठेवतो. ते तुला कितव्या मंगळवारी कळलं? चौथ्या. पहिल्या तिन्ही वेळा तूही तारखाच बघत होतीस. हे बदलणं नव्हे, तर काय मग? मार्चच्या सुट्टीत टी-शर्ट घालून केंटकीच्या डोंगरात घरं रंगवायला खुशाल जा, माझी ना नाही. पण आठवड्याभरात तुला कुणाची बोटं दिसायची नाहीत. सेवेचे तास अ‍ॅपमध्ये भरता ना तुम्ही? पहिले तीन मंगळवार आणि चौथा मंगळवार, अ‍ॅपला सारखेच.

विद्यापीठावर चिडून लिहिते आहे असं वाटेल. तसं नाही. कार्यालयातल्या लोकांची झोप का उडाली आहे ते मी जवळून बघते. पेनसिल्वेनियातलं कॅब्रिनी विद्यापीठ २०२४ मध्ये बंद झालं. आपल्यासारखंच छोटं कॅथलिक विद्यापीठ, स्थलांतरितांची संत म्हणतात त्या फ्रान्सेस कॅब्रिनीच्या नावाचं. १९४६ मध्ये संतपद मिळालेली ती पहिली अमेरिकन नागरिक. संताच्या नावाने फी भरली जात नाही. पोरं आली नाहीत तर दिवे बंद. मग फोटो लागतात, पारितोषिकं लागतात, साडी नेसलेली मुलगी लागते. उद्या तुलाही सांगतील. नेस. फक्त पातेल्यात काहीतरी असू दे.

माझा भाऊ म्हणतो, अमेरिकेत तीस वर्षं राहून हिने डबेच मोजले. डीनच्या कार्यालयातली मोठी जागा मला दोनदा देऊ केली होती. दोन्ही वेळा मी विचारलं, मंगळवारी चारनंतर सोडाल का? नाही म्हणाले, मीही नाही म्हणाले. हट्टी आहे मी. तो वाचनालयातला माणूस आठ वाजेपर्यंत बसायचा, मग मी का नाही बसणार?

पण ही गोष्टही तुला माहीत असू दे. २०११ च्या डिसेंबरात आईची तब्येत बिघडली. रविवारी फोन आला. मी मंगळवार करून बुधवारी निघाले. गुरुवारी रात्री उशिरा वसईला पोचले, तेव्हा ती कुणाला ओळखत नव्हती. भाऊ त्यावर अजून बोलतो. मी सांगते, सोमवारचं तिकीट मिळत नव्हतं. मिळत होतं, थोडं महाग होतं. त्या मंगळवारी नाताळची खोकी वाटायची होती, मुलं परीक्षा संपवून घरी गेलेली, आम्ही तिघीच उरलो होतो. तिघींच्या दोघी झाल्या असत्या तर काय झालं असतं? रांगेला तासभर उशीर. मी एवढा हिशेब तेव्हाच केला होता, आणि तरी थांबले. का, ते अजून नीट सांगता येत नाही. कोणी विचारलं तर अजूनही म्हणते की बरोबर केलं.

तुझी आई आजारी पडली तर मंगळवार गेला खड्ड्यात, पहिल्या विमानात बस. तिकिटाचे पैसे मी देईन. पण सेनेटची बैठक म्हणजे काही आई नव्हे.

तेव्हा अध्यक्ष व्हायचंय? हो. तू चांगली अध्यक्ष होशील; गप्प बसून ऐकता येतं तुला, मला त्या वयात येत नव्हतं. निवडून आलीस की पहिल्याच बैठकीत पहिला ठराव मांड, सेनेटची बैठक मंगळवारऐवजी बुधवारी. लोक कुरकुरतील. कुणीतरी जुनी इतिवृत्तं काढून म्हणेल, वर्षानुवर्षं मंगळवारीच होते, परंपरा आहे. तेव्हा ती इतिवृत्तं आणखी मागे चाळायला सांग. १९९६ पर्यंत बैठक सोमवारी असायची. ती मंगळवारी नेण्याचा ठराव कुणी मांडला, ते नाव तिथे लिहिलेलं आहे. सोमवारी माझी केमिस्ट्रीची लॅब असायची.

येत्या मंगळवारी फूड बँकेचा ट्रक तीनला येतोय. चार नंबरचे डायपर संपलेत, येताना कॅम्पस मिनिस्ट्रीच्या कपाटातली दोन पाकिटं घेऊन ये, किल्ली सिस्टरांकडे आहे. पुढच्या पायऱ्यांवर बर्फ आहे, मागच्या दाराने ये. आणि हातमोजे न्यायला विसरू नकोस.

मावशी