इंग्लंडमध्ये ‘डेप्युटी लेफ्टनंट’ म्हणजे नक्की कोण? महिनाभर ते करतात तरी काय, पगार किती असतो, आणि अर्ज कुठे करायचा?

पगाराचं आधी उरकते. शून्य. गाडी माझीच, पेट्रोलही माझंच. मिळतो तो एक बिल्ला आणि नावापुढे ‘डीएल’ ही दोन अक्षरं. माझ्या सासरी साताऱ्याकडे अजून दोघातिघांचा ठाम समज आहे की मी दिल्लीच्या नायब राज्यपालांसारखी कुणीतरी आहे. मी आता खुलासा करणं सोडून दिलंय.

प्रत्येक काउंटीत, म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारख्या भागात, राजाचा एक प्रतिनिधी असतो, लॉर्ड लेफ्टनंट. आठव्या हेन्रीच्या काळात, 1540 च्या दशकात, हे पद निघालं ते काउंटीतली फौज उभी करायला. 1871 मध्ये फौजेवरचा अधिकार गेला, पद मात्र राहिलं. (या लोकांना जुनी वस्तू टाकवत नाही. आपल्या माळ्यावरच्या घागरीसारखंच.) एकटा माणूस सगळीकडे पोचू शकत नाही, म्हणून तो हाताखाली डेप्युटी नेमतो. किती नेमायचे ते काउंटीच्या लोकसंख्येवर ठरतं. गंमत म्हणजे राजा आम्हाला नेमत नाही. नाव त्याच्यापर्यंत जातं आणि त्याने ‘हरकत नाही’ एवढंच कळवायचं असतं. राहायचं काउंटीत, नाहीतर हद्दीपासून सात मैलांच्या आत. पंचाहत्तरीला निवृत्ती.

तुम्ही प्रश्नासोबत टाकलेल्या फोटोत काळा मखमली कोट, गुडघ्यापर्यंतची विजार आणि कमरेला तलवार दिसते, ते आम्ही नव्हे. तो हाय शेरीफ. ते पद याहून कितीतरी जुनं, नेमणूक एका वर्षाची, आणि मुळात कोर्टकचेरीशी जोडलेलं. आपल्या मुंबईचे नगरपाल, म्हणजे शेरीफ, हे त्याचंच रोपटं. डॉ. भाऊ दाजी लाड 1869 आणि 1871 असे दोनदा त्या पदावर होते. आमचा गणवेश म्हणजे नीटनेटके कपडे आणि छातीवर बिल्ला.

आता महिना. गेला नोव्हेंबर सांगते, कारण तो सगळ्यात भरगच्च असतो. माझ्या डायरीत अकरा कार्यक्रम होते. त्यातले पाच-सहा सांगण्यासारखे नाहीत: शाळेचा बक्षीस समारंभ, कॅडेट मुलांची परेड, एका हॉलचं उद्घाटन, चहा, केक, पुन्हा चहा. यात एकच गोष्ट शिकावी लागते, ती म्हणजे वेळ. लॉर्ड लेफ्टनंटच्या वतीने आपण गेलो की सगळे जमल्यावर आपण पोचायचं असतं, आणि यजमान दारात उभे असतात. लवकर गेलो तर त्यांची धांदल, उशीर झाला तर सगळे ताटकळतात. त्यामुळे मी गाडी पुढच्या गल्लीत लावून, हीटर चालू ठेवून, घड्याळाकडे बघत बसते. राजाच्या प्रतिनिधीचा निम्मा महिना असा गल्लीत जातो.

नोव्हेंबरचा दुसरा रविवार युद्धातल्या मृतांच्या स्मरणाचा. एका छोट्या गावाच्या स्मारकापाशी पहिलं पुष्पचक्र माझ्या हातून जायचं होतं. पॉपीची, म्हणजे खसखशीच्या जातीच्या फुलाची, लाल कागदी फुलं. पाऊस बारीक पण चिवट. अकराला दोन मिनिटं शांतता. त्या शांततेत शेजारच्या कॅडेट पोराचे दात वाजत होते ते मला स्पष्ट ऐकू येत होते. मी पुढे गेले, चक्र टेकवलं, दोन पावलं मागे आले, मान झुकवली, आणि ते ओल्या पायरीवरून हळूच घसरलं. पुन्हा पुढे जायचं की नाही? कुणी शिकवलेलं नव्हतं. ब्रिटिश लीजन या माजी सैनिकांच्या संघटनेतल्या एका म्हाताऱ्या सैनिकाने काठीच्या टोकाने ते अलगद वर लोटलं आणि जागेवर जाऊन उभा राहिला. दगडावरची नावं सगळी त्या गावची होती. मला आठवत होतं आमच्याकडचं अपशिंगे. पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे 46 जण गेले, तिथेही असाच दगड आहे. संचलनानंतर चहा पिताना मी ते त्या म्हाताऱ्याला सांगितलं. त्याने गावाचं नाव दोनदा म्हणून बघितलं.

14 नोव्हेंबर राजाचा वाढदिवस. त्या दिवशी स्वयंसेवी गटांच्या पुरस्काराची नावं जाहीर होतात. त्याआधी त्या गटांकडे जाऊन, खुर्च्या कोण मांडतं, पैसे कुठून येतात, कोण कंटाळून सोडून गेलं, हे विचारून अहवाल लिहायचं काम आमच्याकडे असतं. माझ्या मते अख्ख्या पदातलं खरं काम एवढंच. बाकी आपण लग्नघरातल्या थोरल्या काकांसारखे. करायचं काही नसतं, पण आले नाहीत तर चुकल्यासारखं वाटतं.

नागरिकत्वाचा सोहळा मात्र मला मनापासून आवडतो. 2004 पासून नव्या नागरिकाला समारंभात शपथ घ्यावी लागते. देवाला स्मरून किंवा नुसती गांभीर्याने, जशी इच्छा. मी चार शब्द बोलते आणि एकेकाचं नाव उच्चारून प्रमाणपत्र देते. नावांची यादी आधी मागून घेते आणि जमलं तर रांगेत फिरून उच्चार विचारते. पंचवीस वर्षं केमिस्टच्या काउंटरमागे उभी होते, माझ्या स्वतःच्या आडनावाची तेवढी वर्षं चटणी झालीय, त्यामुळे हा हट्ट.

त्या दिवशी यादीत नाशिकचा एक मुलगा होता. मी नाव बरोबर घेतलं तसा तो एकदम थबकला. प्रमाणपत्र घेताना हळूच म्हणाला, “काकू, आपला पासपोर्ट आता परत करावा लागणार ना?” भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही, हे त्यालाही ठाऊक होतंच. मी म्हटलं, “हो रे. ओसीआय कार्ड काढ, येणंजाणं काही थांबत नाही.” फोटोग्राफर आम्हाला राजाच्या तसबिरीकडे वळायला सांगत होता. मुलाने एका हातात प्रमाणपत्र धरलं होतं, दुसरा कोटाच्या आतल्या खिशावर होता. पासपोर्ट त्याने बरोबर आणला होता, काही गरज नसताना.

अर्ज कुठे करायचा, हेही विचारलंय तुम्ही. अर्ज नसतो. तुम्ही वर्षानुवर्षं काहीतरी करत असता, कुणीतरी नाव सुचवतं, आणि एक दिवस पत्र येतं. मला ते आलं तेव्हा वाटलं, दुकानाच्या कराची नोटीस असणार.

महिन्याचा शेवटचा कार्यक्रम एका वृद्धाश्रमात होता. एका आजींना शंभर पूर्ण झाली होती. शंभरीला राजवाड्यातून शुभेच्छा येतात, 1917 पासूनची पद्धत. तेव्हा तार यायची, आता कार्ड येतं. मी बिल्ला सरळ केला, कार्ड दोन्ही हातांनी पुढे धरलं आणि राजेसाहेबांच्या वतीने अभिनंदन केलं. आजींनी कार्ड न बघताच मांडीवर ठेवलं आणि माझ्याकडे निरखून पाहिलं.

“तू त्या केमिस्टमधली ना? माझ्या गुडघ्याचं मलम अजून आलेलं नाही.”