सासऱ्यांचा पाइप आणि दोन ट्यूबवाला गम

प्रश्न : माझे सासरे ८१ वर्षांचे आहेत. तंबाखू सोडून त्यांना वीस वर्षं झाली, पण संध्याकाळी गॅलरीत बसले की जुना लाकडी पाइप नुसता रिकामाच तोंडात धरतात, तेवढाच त्यांचा विरंगुळा. दिवाळीच्या साफसफाईत तो माझ्याच हातून माळ्यावरून पडला. तोंडात धरायची काळी नळी लाकडात जिथे घुसते तिथेच तुटली, तुकडा आतच अडकलाय आणि लाकडी दांडीला बारीक तडा पण दिसतोय. मुलाने झटपट चिकटणारा गम लावून जोडला तर तिसऱ्या दिवशी परत निखळला. ते काही बोलत नाहीत पण मला फार वाईट वाटतंय. घरी दुरुस्त होईल का? – एक वाचक, कोथरूड

उत्तर : होईल, नक्की होईल, आणि तुमच्या केसमध्ये एक मोठी गोष्ट सोपी आहे, ती म्हणजे हा पाइप आता पेटणार नाहीये. पेटवायचा असता तर मी आधी दहा प्रश्न विचारले असते, कारण इन्स्टंट गम ८० अंशांच्या आसपास मऊ पडतो, साधा इपॉक्सी, म्हणजे दोन ट्यूबांतलं मिसळून लावायचा गम, तर त्याच्याही आधी ढिला व्हायला लागतो, आणि जळत्या तंबाखूचं तापमान काहीशे अंश असतं. त्यामुळे तंबाखू भरायच्या वाटीच्या आत गम कधीच लावायचा नाही, कोणाच्याही पाइपला. दांडीचा सांधा मात्र निखाऱ्यापासून लांब असतो, तिथे चालतं.

आता मुलाचा गम का सुटला ते बघू. त्याचं काही चुकलं नाही, पण तो गम वाळला की काचेसारखा कडक आणि ठिसूळ होतो, सरळ ओढलं तर धरतो पण पिळलं किंवा वाकवलं की कट्कन सुटतो. आणि पाइप माणूस काय करतो, दातात धरून हलवतोच ना! त्यात चिकटायला जागा जेमतेम करंगळीच्या नखाएवढी आणि आत इतक्या वर्षांचा तंबाखूचा चिकट थर. त्या थरावर लावलेला गम लाकडाला चिकटतच नाही, थरालाच चिकटतो. म्हणून पहिलं काम सफाई, आणि ह्यात घाई करू नका.

आत अडकलेला तुकडा असा काढा. पाइप प्लास्टिकच्या पिशवीत घालून अर्धा तास फ्रीझरमध्ये ठेवा, गारव्याने तुकडा किंचित आकसतो. मग त्याच्या मधल्या भोकात बसेल न बसेल असा स्क्रू हलक्या हाताने दोन-तीन आटे फिरवा आणि पकडीने सरळ रेषेत ओढा. वाकडं ओढलंत तर तडा वाढेल. मुलाचा गम आतही उतरला असेल तर अ‍ॅसिटोन असलेलं नेलपॉलिश रिमूव्हर कानातल्या काडीने तेवढ्याच जागी लावा, बाहेरच्या लाकडाला लागू देऊ नका, पॉलिश जातं. निघालेला तुकडा टाकायचा नाही हं, तो लागणार आहे. मग मेडिकलमधून आयसोप्रोपिल अल्कोहोल आणा आणि स्टेशनरीच्या दुकानात मुलांच्या क्राफ्टसाठी लोकरीच्या तारा मिळतात, त्यांनाच पाइप क्लीनर म्हणतात, त्यातल्या पांढऱ्याच घ्या कारण रंगीत तारांचा रंग अल्कोहोलमध्ये उतरू शकतो. तार भिजवून आतून फिरवा. पहिली तार चहाच्या चोथ्यासारखी काळपट निघेल, ती पांढरी निघेपर्यंत करत राहायचं आणि मग एक दिवस वाळू द्यायचं.

काळी नळी बहुतेक एबोनाइटची असेल, म्हणजे गंधक घालून कडक केलेलं रबर, जुनी शाईची पेनं ह्याचीच असायची. पॉलिश पेपरने घासल्यावर गंधकाचा वास आला तर समजा तेच. ह्याला उकळतं पाणी दाखवू नका आणि उन्हात ठेवू नका, हिरवट तपकिरी पडतं.

आता जोड. नुसती तोंडाला तोंड लावून चिकटवलेली नळी परत तुटणारच, आत आधार हवा. रविवार पेठेत बोहरी आळीच्या हार्डवेअरच्या दुकानांत नळी घेऊनच जा आणि धुराच्या भोकात जाईल अशी पितळेची बारीक ट्यूब मागा, भोक किंचित मोठं करावं लागलं तर एखाद्या लेथवाल्याकडून करून घ्या, घरच्या मोठ्या ड्रिलने नको. ट्यूबचा दीड-दोन सेंटीमीटरचा तुकडा पॉलिश पेपरने खरबरीत करा, अर्धा नळीत, अर्धा तुटक्या तुकड्यात, आणि दोन ट्यूबवाला इपॉक्सी सारख्या प्रमाणात नीट मिसळून लावा. पाच मिनिटांत वाळणारा नको, रात्रभर लागणारा घ्या. ट्यूबचं भोक गमने बुजणार नाही एवढं बघा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, नळी लाकडाला चिकटवायची नाही! सांधा सुटा राहिला तरच पुढे आतून साफ करता येतो.

तड्यासाठी इपॉक्सीच्या बंद ट्यूबा पाच मिनिटं कोमट पाण्यात ठेवा, मग तो पातळ होऊन फटीत आत जातो. वर आलेला लगेच पुसून घ्या आणि सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी कापून दांडीवर ताणून गुंडाळा, ह्याच्याइतका चांगला शिकंजा विकत मिळत नाही. २४ तास हात लावू नका. पण खरं सांगायचं तर नुसत्या गमवर हा तडा टिकणार नाही, कारण नळी आत शिरली की पाचरीसारखी लाकूड फाकवते. बाहेरून कडं हवंच. कसबा पेठेतल्या तांबट आळीत विचारा, किंवा तुमच्या नेहमीच्या सोनाराकडून चांदीचं पातळ कडं करून घ्या. सासऱ्यांच्या पाइपला चांदीचं कडं, मला तर फार आवडेल. पाइपांना अशी कडी पूर्वीपासून घालतात, त्यामुळे ते ठिगळ वाटत नाही.

तोंडात जाणाऱ्या टोकाला मात्र गमचा थेंबही नको. तिथे दातांचे खड्डे पडले असतील तर राहू द्या, ते त्यांच्या सवयीचे आहेत.

नळी पहिल्यांदा बसवताना आत शिरणाऱ्या भागावर साध्या पेन्सिलीचं शिसं घासा आणि हलकं फिरवत आत ढकला. अडकली तर बारीक पॉलिश पेपरचा एक हात मारा, परत बघा, परत एक हात. ठोकून बसवू नका.